वाचले, तपासले, मंजूर केले

मी बँकेत कारकून आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुस्तकांवर मत देणारा माणूस निदान मराठीचा प्राध्यापक असावा, नाहीतर त्याने दाढी तरी राखलेली असावी, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी बी. कॉम. आहे आणि रोज दाढी करतो. त्यामुळे माझे मत कुणी विचारीत नाही, आणि म्हणूनच ते मी एका वहीत लिहून ठेवतो. वहीला चार रकाने आहेत : तारीख, पुस्तकाचे नाव, कुणाकडून आणले आणि शेरा. यातला तिसरा रकाना मी मुद्दाम पुसट पेन्सिलीने भरतो. इतरांच्या थकबाकीची पत्रे लिहिणारा माणूस स्वतः किती जणांचा थकबाकीदार आहे, हे शाईने कशाला लिहा?

आम्ही राहतो उरण तालुक्यातल्या करंज्याला आणि माझी शाखा आहे अलिबागेत. म्हणजे सकाळी जेट्टीवरून रेवसची लाँच आणि पुढे एस.टी. या प्रवासात माणूस दोनच गोष्टी करू शकतो, एक तर वाचन, नाहीतर खाडीवर पूल कधी होणार यावर चर्चा. पुलाची चर्चा मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. तिला अजून शेवट नाही. पुस्तकांना निदान शेवटचे पान असते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बाबांच्या डोळ्यांचे मोतिबिंदूचे ऑपरेशन झाले. बाबांनी आयुष्यभर दर्यावर तांडेलकी केली. शिक्षण चौथीपर्यंत. डॉक्टरांनी काही दिवस टी.व्ही. बघू नका म्हणून सांगितले, तेव्हा ओट्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "तू लाँचीत रोज वाचतंस ते काय असतं? मना पण वाच." त्या दिवसापासून माझ्या वहीतला चौथा रकाना माझ्या हातचा गेला.

पहिलेच पुस्तक मी मोठ्या हिशेबाने निवडले. हेमिंग्वेच्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी 1965 साली केलेला अनुवाद, 'एका कोळियाने'. म्हटले, कोळियाची गोष्ट कोळियाला सांगावी, बाबा गहिवरतील. त्यातल्या म्हाताऱ्याला चौऱ्याऐंशी दिवस मासा मिळत नाही, इथेच बाबांची पहिली हरकत आली. "चौऱ्याऐंशी दिस मावरं नाय? मंग जागा बदलायची. येकटा कशाला गेला? खलाशी नव्हतं?" मी म्हटले, एक पोरगा होता, पण त्याच्या आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवला. बाबा यावर काही बोलले नाहीत. पुढे तो अजस्र मासा गळाला लागला, दोन दिवस झुंज झाली, आणि परतीच्या वाटेवर मुशी येऊन त्याचे लचके तोडू लागल्या. माझा आवाज अगदी दाटून आला होता. बाबा म्हणाले, "रडतंय कशाला? मुशीच धरायच्या. मुशीला बाजारात भाव नाय काय?"

जगभरच्या टीकाकारांनी त्या माशात काय काय पाहिले आहे! कुणाला त्यात नियती दिसली, कुणाला मानवाचा अजिंक्य आत्मा दिसला. पण मुशीचा भाव कुणी काढल्याचे माझ्या वाचनात नाही. म्हातारा नुसता सांगाडा घेऊन किनाऱ्याला लागला, हे वाचून मी पुस्तक मिटले. बाबांनी थोडा वेळ विचार केला. "पण घरा आयला ना?" "आला." "मंग बरं पुस्तक हाय." वहीत शेरा पडला : बरे आहे. घरी आला.

या पुस्तकात खूण म्हणून मी एक कागद घातला होता. तो बँकेचा छापील फॉर्म होता. 'अधिकारी पदावरील बढतीसाठी आपण इच्छुक आहात काय? होय / नाही.' बँकेतल्या मंडळींना या प्रश्नाचा खरा अर्थ सांगायला नको. बढती म्हणजे बदली. 'होय' म्हणणाऱ्याने उद्या विदर्भातली शाखा मिळो की बंगालातली, वळकटी बांधायची. मी आजवर दोनदा 'नाही' म्हटले आहे. या खेपेला वय चाळिशीच्या पुढे, मुलगी दहावीत आणि फॉर्म भरायला महिन्याची मुदत. असा कागद ठेवायला पुस्तकाइतकी सुरक्षित जागा नाही. आपण तो रोज पाहतो आणि रोज पान उलटतो.

दुसरे पुस्तक सौ.ने सुचवले. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा'. 1970 पासून घराघरात असलेले हे पुस्तक साहित्याच्या चर्चेत कुणी घेत नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे. शेर-तोळ्यांच्या भानगडीत न पडता बाईंनी सगळी मापे वाटी-चमच्यांत दिली. सासरी नव्याने आलेल्या मुलीला याहून मोठा दिलासा दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकाने दिला असेल, असे मला वाटत नाही. मी हे बोलून दाखवताच सौ. म्हणाली, "वाटीचं खरं आहे. पण लग्न झालं तेव्हा तुमच्या आईच्या वाट्या मोठ्या होत्या. पहिल्या महिन्यात सगळ्यात मीठ जास्त." परिभाषेची व्याख्या आधी ठरली पाहिजे, हे तत्त्व मला कॉलेजात तीन वर्षांत समजले नव्हते. बाबांना दोन पाने ऐकवली. त्यांनी विचारले, "नुसतं वाचतंस का खायला पण मिळंल?" त्या पानावर खूण राहू नये म्हणून फॉर्म मी पुढच्या पुस्तकात हलवला. कागदाला तेलाचा डाग मात्र पडलाच.

पुढचा नंबर डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांचा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेला बक्षीस मिळाले. नाव वेगळे, अक्षर वेगळे! आमच्या काउंटरवर असा चेक आला असता तर मी तो तत्क्षणी परत पाठवला असता. मराठी विज्ञानकथेचे नशीब, की स्पर्धेच्या टेबलावर बी. कॉम. झालेला माणूस नव्हता.

बाबांना मी कृष्णविवर समजावून सांगितले. त्याची ओढ इतकी जबर, की जवळ गेलेल्याचे घड्याळ सावकाश चालते. त्याला वाटते थोडाच काळ गेला, इथे पृथ्वीवर मात्र वर्षेच्या वर्षे उलटतात. बाबा बराच वेळ समोरच्या द्रोणागिरीच्या डोंगराकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे पोरगा घरा आयला तवा बापूस नसंल."

त्या रात्री मी शेरा लिहिला नाही.

शेवटचे पुस्तक आपल्याच मुलखातले. पेणकडच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 साली छापले. घरात कर्ज झाले म्हणून 1857 साली हे भटजी चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, असा हिशेब. कर्जविभागात काम केलेल्या माणसाने हा प्रस्ताव जरा तपासून पाहावा. तारण : काही नाही. परतफेडीचे साधन : दक्षिणा. जोखीम : सन 1857. मी तांबड्या शाईने 'नामंजूर' लिहिले असते. आणि झालेही तसेच. वाटेत बंडाचा वणवा पेटला, झाशीच्या वेढ्यात गृहस्थ सापडले, लुटले गेले. दोन वर्षांहून अधिक काळ घरी पत्ता नाही. अखेर परत आले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

एवढे वाचून झाल्यावर मी नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहिली. घरा आयला का? पण बाबांनी पुस्तकाकडे बोट केले. डोळे आता स्वच्छ झाले होते.

"तो कागद कसला? सगळ्या पुस्तकांत हिंडतंय."

मी सांगितले. बदलीचे, मुदतीचे, मागच्या दोन 'नाही'चेसुद्धा. त्यातला दुसरा 'नाही' आई गेली त्या वर्षीचा होता. तेव्हा मी घरी 'परीक्षा कठीण आहे' असे सांगितले होते.

"भटाला कर्ज व्हतं म्हणून गेला," बाबा म्हणाले. "तुना जायाचं हाय म्हणून जा. मी काय रोज किनाऱ्यावरनं मासं धरलं? आठ आठ दिस दर्यावर व्हतो. तुजी आय घरा होतीच ना?" मग जरा थांबून म्हणाले, "पण पानी आनू नको. हितं पानी काय कमी हाय?"

मी फॉर्मवर 'होय' केले. तेलाच्या डागासकट तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. शाखा कुठली मिळते ते अजून कळायचे आहे. सध्या माझ्या पुस्तकात खूण म्हणून लाँचचे तिकीट असते.

काल बाबांनी विचारले, आता पुढचे कुठले. मी हाताशी होती ती एक छोटी कादंबरी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्याने पाने फिरवून पाहिली आणि परत दिली.

"ही नको," म्हणाले. "जाड आन."