केळ्याच्या गावची पोरगी

पुण्यात घरापासून दहा मिनिटांवर कोरियन मार्ट आहे, हे रूममेटनं सांगितलं. रविवारी धडकलेच! किमची, गोचुजांग, नूडल्सची लालभडक पाकिटं... आणि फ्रिजमध्ये चक्क बनाना मिल्क. १९७४ मध्ये हे कोरियात आलं, तेव्हा तिथे केळं म्हणजे श्रीमंती चैन होती. आणि मी सावद्याची! आमच्या स्टेशनवरून दिल्लीला केळ्यांच्या वॅगनी भरायच्या. भाव पडला की अण्णा घड झाडावरच सोडून देतात. बाटलीची किंमत फोनवर सांगितली, तर क्षणभर गप्प. मग म्हणाले, "केयाचं दूध? येताना घेऊन ये माय, पाहू तरी!"

दोन घेतल्या. एक अण्णांची.