ताईचे ५९५ रुपये

शिरूरहून मामाचा फोन आला, ‘हुरडा खायला या!’ शनिवार ठरला. बाबांनी लगेच पुढची फर्माईश सोडली, ‘तसंच दौंडला आत्याकडे जाऊन येऊ.’ मी कॅल्क्युलेटर काढला. फ्रीलान्सरचा चेक कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, त्यामुळे पेट्रोलचा हिशोब आधी!

पुणे-शिरूर-पुणे साधारण १३५ किलोमीटर. दौंड धरलं तर २२०. कंपनी सांगते, गाडी लिटरला २० देते. म्हणजे ११ लिटर. दर १०५ धरला, तर ११५५ रुपये.

‘कंपनीने गाडी वाघोलीच्या जॅममध्ये चालवून बघितली होती का?’ बाबांचा खवचट प्रश्न.

बाबा स्कूटरच्या काळापासून डायरी ठेवतात. टाकी फुल करायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुन्हा फुल करताना जेवढे लिटर बसतील, त्यांनी मधल्या किलोमीटरना भागायचं. डायरीतलं खरं ॲव्हरेज निघालं १५! म्हणजे १५४० रुपये, टोल वेगळा. नुसतं शिरूर केलं तर ९४५. फरक ५९५ रुपयांचा.

‘दौंड पुढच्या महिन्यात करू ना,’ मी म्हटलं.

‘पुढच्या महिन्यात म्हणता म्हणता दोन वर्षं झाली.’

मी गप्प. पुन्हा आकडेमोड केली. दोन वेगळ्या फेऱ्या म्हणजे २९५ किलोमीटर, २०६५ रुपये. एकाच फेरीत त्रिकोण पूर्ण केला तर ५२५ वाचतात. म्हणजे आत्याला टाळणंच महाग होतं की!

मग काटकसर रस्त्यावर. गाडी गार असतानाच टायरची हवा तपासली, डिकी रिकामी केली आणि वाघोली जागी व्हायच्या आत नगर रोड गाठला. काटा ८०च्या पुढे नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि त्याचं बिल आपणच भरतो. हुरडा खाऊन न्हावरे-चौफुला रस्त्याला लागलो, तर पुढे उसाचे ट्रॅक्टर. ओव्हरटेकची घाई, मग करकचून ब्रेक, हा माझा नेहमीचा खाक्या सोडून दिला. गंमत म्हणजे हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घसरतं. भारतात इथेनॉल उसापासूनही बनतं. म्हणजे ऊस गाडीपुढेही आणि टाकीतही!

दौंडला आत्या दारातच उभी होती. निघताना तिने रिकामी डिकी गूळ, शेंगदाणे आणि पेरूंनी गच्च भरली. ‘बाबा, वजनाने ॲव्हरेज घटतं हं,’ मी म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही.

पुण्यात टाकी पुन्हा फुल केली. १३ लिटर, १३६५ रुपये. ॲव्हरेज जवळपास १७! मी खूश. बाबांनी डायरीत दोन्ही आकडे लिहिले आणि खाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आकडा नसलेली एक ओळ लिहिली : ‘ताई भेटली.’