फोटोतली कापलेली खुर्ची

यंदा आमच्या शिक्षक प्रशिक्षणात एक वेगळंच काम मिळालं. प्रत्येकाने स्वतः काढलेल्या फोटोंचा स्लाइडशो करायचा. विषय आपल्या गावातला, वेळ पाच मिनिटं. इंटरनेटवरून उतरवलेला एकही फोटो चालणार नाही. बी.एड.ला असताना पाठासाठी मी कार्डशीटवर चित्रं चिकटवायची, तेव्हा फार तर डिंकाचे डाग पडायचे. इथे मोबाइलमध्ये हजारो फोटो. निम्मे शाळेतल्या फॉर्मचे आणि फळ्याचे, उरलेले ग्रुपवर आलेले सुप्रभात.

विषय मात्र लगेच सुचला. मी मिरजेची. अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला जिथे आजही गायक येऊन गातात, ते हे गाव. इथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझे मामू याच धंद्यातले. त्यांच्या कारखान्यात मी सहा वर्षं येताजाता फोटो काढलेले होते. मोजले तर एकशे चाळीस भरले.

पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. एका फोटोला पंधरा सेकंद धरले तर वीस फोटो. एकशे वीस काढून टाकायचे! निवडण्यापेक्षा टाकणं अवघड असतं, हे तेव्हा कळलं. क्रम सोपा होता. छताला टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे. मग भोपळा कापणं, तूण लाकडाची दांडी, जोडणी, नक्षी, पॉलिश, तारा. शेवटी घोडी घासून जवारी काढणं. तंबोरा बोलायला लागतो तो इथे.

अडचणी वेगळ्याच निघाल्या. उभे काढलेले फोटो आडव्या स्लाइडवर बसेनात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. व्हॉट्सअॅपवरून लॅपटॉपवर घेतलेले फोटो मोठे केले की फुटायचे. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर शाबूत येतात. मथळे मी मराठी आणि उर्दू, दोन्हींत लिहिले. घरी सुंदर दिसणारं नस्तालिक शाळेच्या संगणकावर भलत्याच वळणाचं दिसलं, कारण तिथे तो फॉन्टच नव्हता. फाइल सेव्ह करताना फॉन्ट सोबत जोडायचा पर्याय असतो. तुम्ही असं काही करणार असाल तर तो आधी शोधा. मी तर शेवटी सगळ्याचा व्हिडिओच करून ठेवला.

हे सगळं जमल्यावर मोठ्या ऐटीत लॅपटॉप घेऊन मामूंकडे गेले. पहिल्याच स्लाइडवर त्यांचे हात. सुरकुतलेले, नखांत पॉलिश बसलेलं, खिडकीतून तिरपं ऊन. माझा सगळ्यात आवडता फोटो. मामूंनी वीसही फोटो शांतपणे पाहिले. मग म्हणाले, "मेरे हातां का फोटू तो सब लोगां निकालते. अब काम कौन करता, वो किदर है?"

मला काही सुचेना. कारण उत्तर मला माहीत होतं. आता बहुतेक काम माझा मामेभाऊ करतो. मामूंची नजर अधू झाल्यापासून जवारीसुद्धा तोच काढतो. तो माझ्या कितीतरी फोटोंत होता. मीच त्याला कापलं होतं. त्याच्या अंगात क्रिकेटचा टी-शर्ट असतो, कानात हेडफोन, बसायला लाल प्लास्टिकची खुर्ची, शेजारी ड्रिल मशीनची वायर. "फोटो बिघडतो" म्हणून मी कडा आत ओढत गेले, आणि शेवटी फक्त म्हातारे हात, ऊन आणि भोपळे उरले.

आपल्या मोहल्ल्याचे फोटो छापून येतात तेव्हा मी नेहमी चिडते. तीच अरुंद गल्ली, तीच टोपी, तोच म्हातारा. जणू इथे कुणी तरुण नाही, कुणाच्या खिशात मोबाइल नाही, सगळं लवकरच संपणार आहे. आणि मी काय केलं होतं? माझ्याच माणसांचा तोच फोटो काढला होता. बाहेरच्याला निदान माहीत नसतं. मला माहीत होतं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा कारखान्यात गेले. मामेभाऊ लाजला. "थांब, शर्ट बदलून येतो," म्हणाला. मी म्हटलं, नको. वीसपैकी नऊ फोटो बदलले. मामूंचे हात ठेवले, पण बाराव्या क्रमांकावर. पहिल्या स्लाइडवर आता तो आहे, लाल खुर्चीवर, मांडीवर तंबोरा, मान वाकवून घोडी घासणारा. मथळा साधाच दिला: जवारी.

प्रशिक्षणात एका सरांनी विचारलं, "मॅडम, हा मुलगा खरंच हे काम करतो? मला वाटलं, ही कला संपत आली." आधीचा स्लाइडशो दाखवला असता, तर हा प्रश्न आला नसता. सगळ्यांनी मान हलवून हळहळ व्यक्त केली असती आणि आम्ही चहाला गेलो असतो.

मामेभावाने नंतर तो फोटो मागितला. डॉक्युमेंट करूनच पाठवला. त्याने तो दुकानाच्या स्टेटसला ठेवला आहे, खुर्चीसकट.