ब्रेक मारला की गाडीचं बूड का फिरतं?



टोमॅटोचं पान पिवळं पडलं की आपण लगेच पंप पाठीला लावत नाही. आधी बघतो, पिवळं कुठलं पान आहे. खालचं जुनं पान पिवळं असेल तर संशय नत्रावर जातो. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोहावर. रंग एकच, पण कुठं दिसतो त्यावरून कारण बदलतं. गाडीचंही तसंच आहे. "ब्रेक मारला की घसरते" एवढंच सांगितलं तर मिस्त्री बिचारा काय करणार? टायर बदला, लायनर बदला, असं अंदाजानं सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात यावरून लई वाजलं. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला माल न्यायला आमची पिकअप आहे, सेकंड हँड घेतलेली. ती चालवतो थोरल्या भावाचा पोरगा, वय बावीस. रिकामे क्रेट घेऊन परत येताना दोन वेळा गाडीचं बूड फिरलं. पहिल्यांदा गाडी रस्त्यात आडवी होऊन थांबली. दुसऱ्यांदा मागचं चाक साइडपट्टी सोडून चारीत गेलं आणि तिथून चार पावलांवर शाळेची पोरं एसटीची वाट बघत उभी होती. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण दादानं त्याच संध्याकाळी चावी काढून घेतली. गावात बोललं जायला लागलं की पोरगं गाडी उडवतंय. पोरगं मला एकच सांगत होतं, "तात्या, मी चाळीसच्या वर नव्हतो."

गॅरेजवाल्यानं आधी मागचे लायनर बदलले. फरक नाही. मग मागचे दोन्ही टायर नवे टाकले. तरी फरक नाही. पैसे गेले ते गेले, पण पोराच्या नावाचा डाग तसाच राहिला. मग म्हटलं, पिकाला लावतो ती पद्धत गाडीला लावून बघू. एकेक प्रश्न विचारायचा, उत्तर मिळाल्याशिवाय पुढं जायचं नाही.

पहिला प्रश्न, ब्रेक न मारता गाडी एका अंगाला ओढते का? ओढत असेल तर आधी हवा बघा, मग अलाइनमेंट. आमची सरळ चालत होती.

दुसरा प्रश्न, ब्रेक मारल्यावर पुढून एकाच बाजूला ओढते का? समजा डावीकडं ओढली, तर डावं चाक जास्त धरतंय किंवा उजवं कमी धरतंय. लोक डावंच खोलत बसतात आणि दोष उजव्यात निघतो. कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना गंजून अडकतात, पॅडला तेल लागतं, ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगून बंद होतो. साधी खूण म्हणजे थोडं चालवून आल्यावर चाकाजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ते अडकून चालतंय. आमची चारही सारखी होती.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. हे कधी होतं? पुतण्याला शांत बसवून विचारलं. दोन्ही वेळा गाडी रिकामी, रस्ता ओला. साठ क्रेट भरून जाताना, म्हणजे बाराशे किलो माल असताना, एकदाही नाही. माल असताना गाडी शहाणी आणि रिकामी असताना येडी, मग दोष चालवणाऱ्याचा कसा? जाताना आणि येताना चालवणारा एकच होता.

चौथा प्रश्न, आधी कुठली चाकं जाम होतात? पुढची जाम झाली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, सरळ जाते. मागची जाम झाली तर बूड फिरतं. कारण जाम झालेलं चाक नुसतं घासत जातं, आडवी पकड त्याला राहत नाही. हे बघायला आम्ही गाडी गायरानात नेली. माणूस नाही, जनावर नाही, अशी सपाट मोकळी जागा. वेग वीस-पंचवीस, गाडी रिकामी, दादा लांब बाजूला उभा. मी ब्रेक मारला. खाली उतरून माग बघितले, तर मागच्या दोन्ही चाकांचे लांब ओरखडे आणि पुढच्यांचे नुसते नक्षीचे ठसे. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

आता विचार करा. एका चाकाच्या लायनरला हाऊजिंगचं तेल लागलं असतं तर ओरखडा एकाचाच दिसला असता. इथं दोन्ही सारखे. म्हणजे दोष दोन्ही चाकांना जिथून दाब जातो तिथं असणार.

बऱ्याच पिकअपला मागच्या हाऊजिंगजवळ, चेसीवर एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी हाऊजिंगला जोडलेली असते. माल भरला की चेसी खाली बसते, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जादा दाब मिळतो. गाडी रिकामी झाली की चेसी उचलते आणि दाब कमी होतो. हे गरजेचं असतं, कारण ब्रेक मारताना वजन पुढं झुकतं. रिकाम्या गाडीचं बूड आधीच हलकं, ते आणखी हलकं होतं. त्यात पूर्ण दाब गेला की चाक जाम.

खाली झोपून बघितलं. चिखल वाळून दगड झालेला, दांडीचा सांधा गंजलेला आणि दांडी भरल्या गाडीच्या जागेवर अडकून बसलेली. हातानं हलेना. म्हणजे गाडी रिकामी असली तरी व्हॉल्व्हच्या लेखी बाराशे किलो माल कायम वर होता. व्हॉल्व्ह नवा बसवून माप लावून घेतला. त्याचं माप ठरलेलं असतं, अंदाजानं पिळायचा नाही. परत गायरानात जाऊन तीच परीक्षा घेतली. गाडी सरळ थांबली. दादानं ओरखडे स्वतः बघितले, काही बोलला नाही, खिशातली चावी काढून पोराच्या हातात दिली. त्या रात्री वहिनी आठ दिवसांनी नीट जेवली.

ज्यांच्याकडं पिकअप आहे त्यांनी आणखी एक बघा. जादा माल बसावा म्हणून आपण पाटे वाढवतो. पाटे वाढले की माल भरूनही चेसी पुरती बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. म्हणजे आमच्या उलटा रोग. घाटात उतरताना तो जीवावर येतो.

बाकी नेहमीचं. टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलायचा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी असली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्यात धरत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोनेक वर्षांनी बदला. वेग दुप्पट केला तर थांबायला चौपट रस्ता लागतो, हे पोरांना तोंडपाठ करून घ्या.

ट्रॅक्टर रस्त्याला लागला की दोन्ही ब्रेक पेडलची कडी जोडलीच पाहिजे. शेतात एका पायानं वळवायची सवय रस्त्यावर ट्रॅक्टर पालथा करते. आणि वावरातनं निघताना चाकाचा चिखल डांबरावर पडतो, तो फावड्यानं ओढून टाका. पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिळून रस्ता साबणासारखा होतो, त्यात आपला चिखल नको.

बूड फिरलंच तर ब्रेक सोडा आणि बूड ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग हलकं फिरवा. एबीएस असेल तर मात्र ब्रेक दाबून धरायचा, पेडल थरथरलं तरी सोडायचं नाही.

पावसाच्या आधी एकदा गाडीखाली झोपून ती दांडी हलते का बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि पोराला दोष द्यायच्या आधी गाडीचे माग वाचा.