आजोबांची डॉक्सी

डॉक्सीसायक्लिन म्हणजे काय, हे ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर लेप्टोच्या भीतीने हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. अजूनही गुडघाभर पाण्यातून घरी आलं की कोणीतरी विचारतंच, "डॉक्सी घेतलीस का?" (आमच्या होस्टेलच्या तळमजल्यावाल्यांना तर विचारूच नका.)

डोंबिवलीला आमच्या घरात मात्र याच गोळीवरून वेगळाच वाद पेटला. आजोबांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिलेल्या माणसाचं अक्षर आता मुंगीएवढं झालंय. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. मी पॅसेजमध्ये फुटाफुटावर रंगीत टेप लावलीय. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल बरोबर सुटतं. (कंट्रोल सिस्टिमच्या सरांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावं.)

काकांनी कुठेतरी वाचलं की डॉक्सीने पार्किन्सन्स थांबतो. "स्वस्तातली गोळी, देऊन बघायला काय जातं?" आजोबा म्हणाले, "आधी पोराला वाचू दे." झालं! ऐन सबमिशनच्या आठवड्यात हे काम माझ्या गळ्यात.

वाचलं तर काका अगदीच हवेत बोलत नव्हते. ब्राझीलच्या एका प्रयोगशाळेत 40 उंदरांना पार्किन्सन्ससारखी लक्षणं यावीत म्हणून रसायन टोचलं, पण ती आली दोघांनाच. शोध घेतल्यावर कळलं की चुकून त्यांना डॉक्सी मिसळलेलं खाद्य गेलं होतं! पुढे 2017 साली असंही दिसलं की या रोगात मेंदूतल्या पेशींमध्ये साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या डॉक्सी परीक्षानळीत अडवते. अशी लॉटरी पूर्वी लागलेलीही आहे. 1968 साली अमेरिकेत एका बाईने फ्लू टाळण्यासाठी अमँटाडिन घेतलं आणि तिचा पार्किन्सन्सचा कंप, ताठरपणा कमी झाला. ते औषध आजही वापरात आहे.

पण डॉक्सीची सख्खी बहीण मिनोसायक्लिन. 2006 साली ती पार्किन्सन्सच्या छोट्या चाचणीत नापास झाली नाही, एवढंच. बऱ्याच जणांना सोसली नाही आणि गाडी पुढे गेलीच नाही. एएलएस या मज्जातंतूंच्या दुसऱ्या आजारात उंदरांवर तिचा निकाल झकास होता. 2007 साली 412 रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांची प्रकृती 25 टक्के जास्त वेगाने ढासळली होती. हा आकडा वाचला आणि मेसमधलं ताट तसंच राहिलं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी काकांचं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "आजोबा, गिळताना ठसका लागतो?" लागतो. डॉक्सी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, आणि पार्किन्सन्समध्ये गिळणं मंदावलेलंच असतं. शिवाय संसर्ग नसताना वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घ्यायचं, म्हणजे जंतूंना फुकटची कोचिंग क्लास! गोळीने हा रोग थांबतो असं माणसांवरच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्यांनी नाही म्हटलं. वेळापत्रक मात्र बदललं. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास, कारण डाळीतलं, दुधातलं प्रथिन तिला शोषू देत नाही. आमच्याकडे ती इतके दिवस जेवणाबरोबरच चालली होती. आता आजोबा सकाळी शर्टाची बटणं स्वतः लावतात.

काकांचं समाधान झालेलं नाही, कात्रणं येतच आहेत. आजोबांनी डॉक्टरांना सांगून ठेवलंय, "चाचणी निघाली तर माझं नाव घाला. खरी गोळी की खोटी, ते मात्र सांगू नका."