खाऱ्या वाऱ्यातली सदाफुली

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं, की पहिल्या पावसाळ्यातच बागेची परीक्षा होते. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटतो, लाटांचे तुषार घेऊन थेट अंगणात शिरतो आणि गुलाबाच्या पानांच्या कडा करपून जातात. हौसेनं आणलेल्या जरबेरा, शेवंती, डेलियाच्या रांगा आडव्या होतात. मग घर श्रीवर्धनला असो, गुहागरला असो की वेंगुर्ल्याला, घरमालकाचा प्रश्न एकच असतो : इथे तगेल, फुलेल आणि रोज उठून ज्याचे लाड करावे लागणार नाहीत असं काही आहे का? असतं. बहुतेक वेळा ते त्याच्याच कुंपणाबाहेर, गडग्याच्या फटीत फुललेलं असतं.

कोकणात सदाफुली मुद्दाम कुणी लावत नाही, ती येते. चिऱ्यांच्या सांध्यात, विहिरीच्या कठड्याखाली, देवळाच्या पायरीला लागून, एसटीच्या थांब्यामागच्या वाळूत. फुकट मिळते म्हणून तिला मान नाही. बागा आखून देण्याच्या व्यवसायात असलेल्या माझ्यासारख्या माणसानं ‘सदाफुली लावा’ म्हटलं, की समोरच्याचा चेहरा पडतो. याच गोष्टीसाठी पैसे मोजायचे का, असा भाव त्यावर स्पष्ट वाचता येतो.

पण हे झुडूप इथलं नव्हे. ते मादागास्करचं. त्या बेटाच्या आग्नेय टोकाला फोर्ट डॉफिन नावाचं बंदर आहे आणि आजही त्या दक्षिण भागातून सदाफुलीची पानं-मुळं औषधांसाठी गोळा होतात. अठराव्या शतकाच्या मध्यावर तिच्या बिया पॅरिसमार्गे लंडनच्या चेल्सी औषधी बागेत पोचल्या. १७५९ मध्ये लिनियसनं तिला ‘विंका रोझिया’ म्हटलं. पुढे जॉर्ज डॉननं तिला ‘कॅथरॅन्थस’ या वेगळ्या प्रजातीत नेलं. रोपवाटिकांनी मात्र जुनं नाव सोडलं नाही, संकरित रोपं अजूनही ‘विंका’ म्हणूनच विकली जातात. या प्रजातीतल्या आठ जातींपैकी सात मादागास्करच्या आहेत. आठवी, ‘कॅथरॅन्थस पुसिलस’, भारत-श्रीलंकेची. बारीक पांढऱ्या फुलांचं हे तण शेतात उगवतं आणि त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. कुळाच्या दृष्टीनं सदाफुली आपल्या परिचितांतलीच आहे. कण्हेर, तगर, चाफा, सातवीण आणि करवंद हे सगळे तिचे भाऊबंद. देठ मोडला की येणारा चीक ही त्या घराण्याची खूण.

समुद्रकाठी झाडाला मीठ दोन वाटांनी गाठतं. एक वाऱ्यातून पानावर, दुसरं पाण्यातून मुळाशी. पहिल्या वाटेला सदाफुली चांगली पुरून उरते. तिची पानं गुळगुळीत आणि चकचकीत असतात, त्यांवरचं मीठ पावसाच्या सरीनं धुऊन जातं. झुडूप गुडघाभर उंचीचं, बुंध्याशी लाकडी, वर आटोपशीर. त्यामुळे वाऱ्याला झोडपायला फारसं काही सापडत नाही. दुसऱ्या वाटेला मात्र तिच्या सहनशक्तीला मर्यादा आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. तेच रोज घातलं तर झुडूप मरत नाही, पण खुरटतं, फुलं लहान होतात. म्हणून उन्हाळ्यात मचूळ पाणी थोडं-थोडं रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा गोडं पाणी भरपूर द्यावं, म्हणजे मुळाशी साचलेलं मीठ खाली निचरून जातं. आणि भरतीच्या रेषेजवळची मोकळी पुळण ही सदाफुलीची जागा नव्हे. ती मर्यादवेलीची. सदाफुलीनं सुरूच्या बनाच्या किंवा गडग्याच्या आतल्या बाजूला राहावं.

तरीही दर वर्षी ऑगस्टमध्ये फोन येतात : ‘तुम्ही म्हणालात ही काटक आहे, पण अर्धी झाडं गेली.’ गेली ती मिठानं नव्हे, पाण्यानं.

कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या पाण्यात फायटोफ्थोरा नावाची बुरशी पोहत फिरते, अगदी शब्दशः. तिच्या बीजाणूंना शेपट्या असतात. पावसाचे थेंब मातीवर आपटतात, चिखलाचे शिंतोडे खालच्या फांद्यांवर उडतात आणि बीजाणू तिथे रुजतात. जमिनीलगत खोडावर काळपट, ओलसर डाग दिसतो, शेंडा मान टाकतो आणि दोन-तीन दिवसांत अख्खी फांदी वाळते. घरमालकाला वाटतं झाड तहानलंय. तो आणखी पाणी घालतो आणि उरलेलं झाडही घालवतो. सुपारीच्या बागाइतदाराला हे काही नवीन नाही. त्याच्या सुपाऱ्या गाळणारा कोळेरोग याच प्रजातीतल्या बुरशीमुळे होतो, आणि त्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या बोर्डो मिश्रण फवारत आला आहे. सुपारीसाठी शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घालून केलेलं एक टक्क्याचं मिश्रण तयार असेल, तर त्यातलं थोडं मेअखेरीस सदाफुलीच्या बुंध्यांवरही फवारून घ्यावं. रोग लागलेलं झाड मात्र मुळासकट उपटून जाळावं आणि त्या जागी त्या वर्षी पुन्हा सदाफुली लावू नये.

खरा इलाज लागवडीच्या वेळीच करायचा असतो. वाफा अंगणाच्या पातळीपेक्षा वीतभर उंच हवा. चिऱ्यांचे तुकडे खाली, त्यावर जांभ्याची माती आणि जाड वाळू निम्मी-निम्मी, आणि जेमतेम एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत. ओलं शेण नको, युरियाची चिमूट तर नकोच. नत्र जास्त झालं की पानांचा हिरवागार गुंता माजतो आणि फुलं रुसतात. दोन झाडांत फूटभर अंतर ठेवावं. सुरुवातीला वाफा उघडाबोडका दिसतो, म्हणून लोक मध्ये आणखी रोपं खुपसतात आणि पावसाळ्यात हवा खेळायला जागा उरत नाही. मातीवर वाळक्या पानांचा पातळ थर पसरला की शिंतोडे उडणं बरंच कमी होतं. पाणी द्यायचं ते सकाळी, बुंध्याशी. संध्याकाळी पाइपनं फुलांवर फवारा मारायची हौस आवरावी.

अगदी किनाऱ्याला लागून असलेल्या बागांत आणखी एक भानगड दिसते. पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुना. त्यामुळे जमीन अल्कधर्मी होते आणि मुळांना लोह उचलता येत नाही. सदाफुलीला किंचित आम्लधर्मी माती मानवते, आणि कोकणातली जांभ्याची माती नेमकी तशी असते. वाफ्यात चार-पाच घमेली लाल माती मिसळली की नवी पालवी हिरवी येते. तातडीचा उपाय म्हणून हिराकसाचं सौम्य द्रावण पानांवर फवारता येतं, पण माती बदलली नाही तर पिवळेपणा परत येतो.

हे फूल एकदा उभं चिरून पाहावं. पाच पाकळ्यांच्या चकतीखाली साधारण इंचभर लांबीची अरुंद नळी असते. नळीच्या तोंडाशी पाच परागकोश एकमेकांना टेकून छप्पर करतात आणि त्याखाली ढोलकीच्या आकाराची कुक्षी बसलेली असते. गंमत अशी, की पराग धरणारा भाग या ढोलकीच्या खालच्या अंगाला असतो. वरून पडलेले स्वतःचेच पराग तिथे पोचत नाहीत. लांब सोंडेचं फुलपाखरू किंवा पतंग तळाचा मध प्यायला सोंड आत घालतो आणि दुसऱ्या फुलावरचे पराग तिथे लागतात. काही वाणांत फूल जुनं होता होता कुक्षीचा दांडा वाढतो आणि स्वपरागण होतं. म्हणून एकुलत्या एका झाडालाही कधी भरपूर शेंगा दिसतात, तर कधी एकही नाही.

या शेंगा जोडीनं येतात, हिरव्या, बारीक, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. पिवळसर होऊन तडकायच्या आत त्या काढायच्या, कागदाच्या पाकिटात वाळवायच्या. आतल्या बिया काळ्या आणि बारीक, एका ग्रॅममध्ये सातशेच्या आसपास बसतात. पुष्कळ जण त्या मातीवर भुरभुरून मोकळे होतात आणि मग बी फोल निघालं म्हणतात. सदाफुलीचं बी अंधारात चांगलं रुजतं. उजेडात उगवण घटते. त्यावर नखाच्या जाडीएवढी माती हवीच. आठवडा-दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. बी ताजं असावं, वर्षानुवर्षं डबीत ठेवलेल्यावर भरवसा नको. आणि अंगणात पांढरी नि गुलाबी शेजारी-शेजारी असतील, तर पांढरीच्या बियांतून पांढरीच उगवेल असं समजू नये. रंग राखायचा तर वीतभर छाट कलम लावावं.

रंगांच्या बाबतीत जुनी सदाफुली तीनच रंगांवर समाधानी होती : जांभळट गुलाबी, शुभ्र, आणि मध्ये लाल डोळा असलेली पांढरी. अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठात रॉन पार्कर यांनी रानटी जातींशी संकर करून नवे रंग काढले. त्यांतल्या ‘पॅरासोल’, ‘प्रिटी इन पिंक’ आणि ‘प्रिटी इन रोज’ या तीन वाणांना १९९१ मध्ये ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा मान मिळाला. आज रोपवाटिकेत दिसणारी लाल, जर्द गुलाबी, मोठ्या फुलांची ठेंगणी रोपं त्याच लाटेतून आली. ती देखणी असतात, पण कोकणातल्या पावसात बहुतेक टिकत नाहीत. खरेदीच करायची तर फायटोफ्थोराला दाद न देण्यासाठी निवडलेली ‘कोरा’ मालिकेतली रोपं मागावीत. नाहीतर गडग्यातलीच गावठी बरी.

आणखी एका दुखण्याकडे लक्ष ठेवावं. कधी एखाद्या फांदीवर पानं बारीक होतात, झुबका येतो आणि फुलं हिरवी, पानांसारखी उमलतात. शेजारीपाजारी कौतुकानं फोटो काढतात. हा नवा वाण नसतो. झाडात फायटोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्मजीव शिरलेले असतात आणि ते तुडतुड्यांमार्फत पसरतात. वांग्याचा पर्णगुच्छ रोग याच गटातल्या जीवांमुळे होतो. परसात वांगी असतील तर असं झाड एक दिवसही ठेवू नये.

आता पानांविषयी. जमैकात सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतात, हे ऐकून १९५२ मध्ये एका रुग्णानं तिथून कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे पानं पाठवली. त्यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी अर्क उंदरांना दिला. तोंडावाटे दिलेल्या अर्कानं रक्तातली साखर फारशी हलली नाही. टोचून दिला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गानं दगावले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी घटवणारं द्रव्य रक्ताच्या कर्करोगावर चालेल, हे त्यांनी ओळखलं आणि १९५८ मध्ये ते जगापुढे मांडलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा याच झाडावर काम करत होते. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही दोन औषधं आली. दोन्ही पेशींचं विभाजन अर्ध्यावर थांबवतात. व्हिनक्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली आणि लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारात ते आजही वापरलं जातं. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे पाचशे किलो वाळकी पानं लागतात, असा हिशेब सांगतात. तमिळनाडूतल्या शेतकऱ्यांनी सदाफुली एकरांनी लावली ती यासाठी. लखनौच्या ‘सीमॅप’ संस्थेनं शेतीसाठी ‘निर्मल’ आणि ‘धवल’ हे पांढऱ्या फुलांचे वाण दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्यानं ‘सिप्ला’नं १९८४ मध्ये ही दोन्ही औषधं देशात तयार केली.

इतकं असूनही आपल्याकडे सकाळी अंगणात जाऊन, साखर कमी होते म्हणून सदाफुलीची पानं चावणारे कमी नाहीत. ज्या झाडाला शेळी तोंड लावत नाही, ते माणसानं का खावं? प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत अर्कानं साखर उतरलेली दिसते, पण कोणत्या पानात काय आणि किती आहे हे अंगणात उभं राहून कळत नाही. दवाखान्यात हीच द्रव्यं मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासून देतात.

दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरलेला असतो आणि गडग्यावरच्या सदाफुलीला शेंगा धरलेल्या असतात. जुन्या, पाय उघडे पडलेल्या झुडपांची निम्म्यावर छाटणी करायला आणि नवा वाफा भरायला हाच काळ सोयीचा. शेजारी रोप मागायला आले तर जरूर द्या, पाकीटभर बियाही द्या. पानं मागायला आले तर देऊ नका, आणि का देत नाही तेही नीट समजावून सांगा.