सोयरीक आणि रक्त

पिपरी मेघे येथें ओट्यावर सोयरिकीची गोष्ट निघाली, कीं आम्ही घर, गोत, नोकरी सारें विचारतों. रक्त मात्र विचारीत नाहीं. विदर्भांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक. म्हणजे देणें दोघांचें सारखें. तरी बोल लागतो सुनेलाच! शिवाय आम्हां सुशिक्षितांनीं त्यास दलित-आदिवासी वस्त्यांचा रोग ठरविलें. मग तेथील मुलीचे आईबाप तपासणीस भितात, यांत नवल तें काय? 2023 सालीं निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली. परंतु तक्ते टांगण्यापूर्वीं त्या आयांनाच विचारलें पाहिजे: भय कशाचें, आणि सांगावें कोणीं? आमच्यापुरतें आम्ही ठरविलें आहे: पुढील सोयरिकींत पहिलें रक्त आमच्या मुलाचें तपासावयाचें.